भाडं पंचवीस हजार, हातात किती?

‘‘भाडं सहज पंचवीस हजार येईल.’’ पुण्यात दुसरा फ्लॅट घ्यायला निघालेल्या कुटुंबाच्या कानावर हे वाक्य पहिल्या अर्ध्या तासातच पडतं. एजंट सांगतो, बिल्डरच्या सेल्स ऑफिसातली मुलगी सांगते, त्याच प्रकल्पात आधी घर घेतलेला मेव्हणाही सांगतो. आकडा बहुतेक वेळा खरा असतो. घरी परतताना गाडीतच बाराने गुणाकार होतो, वर्षाचे तीन लाख येतात आणि निर्णय निम्मा झालेला असतो.

या गुणाकारामागून एक लांबलचक वजाबाकी यायला हवी. ती बहुतेक घरांत होते, पण दीड-दोन वर्षांनी. पहिला भाडेकरू सोडून गेलेला असतो, भिंतींवर टीव्हीच्या खिळ्यांची भोकं असतात, आणि जेवणाच्या टेबलावर सोसायटीची, महावितरणची, महापालिकेची बिलं पसरलेली असतात. निवृत्तीची पुंजी किंवा वीस वर्षांचं कर्ज ज्या व्यवहारात जातं, त्याची वजाबाकी टोकन देण्याआधी व्हावी, एवढ्यासाठी हा लेख.

नमुन्यासाठी एक घर धरू. पुण्याच्या पश्चिमेकडचा ८० लाखांचा तयार टू बीएचके. मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार. रिकाम्या भिंतींना कोणी पंचवीस हजार देत नाही. पंखे, गीझर, चिमणी, दोन कपाटं, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या यांना २ लाख ६० हजार धरू. गुंतवणूक झाली साडेअठ्ठ्याऐंशी लाखांची. तीन लाखांच्या भाड्याला ८० लाखांनी भागणारा माणूस इथेच पहिली चूक करतो. भागायचं साडेअठ्ठ्याऐंशी लाखांनी.

आता बिलांकडे.

लाइट बिल भाडेकरू भरतो, असं करारात लिहिलेलं असतं आणि बहुतेक वेळा तो भरतोही. पण मीटर घरमालकाच्या नावावर असतो, आणि वीज कंपनीच्या दफ्तरी ग्राहक तोच. महावितरणच्या बिलात वीज आकाराच्या आधी स्थिर आकार येतो. घराला कुलूप असलं, एक युनिटही जळलं नाही, तरी तो चुकत नाही. त्यापुढे वहन आकार, इंधन समायोजन आणि या सगळ्यावर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क. शिवाय एप्रिल-मेच्या सुमारास अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं. आदल्या वर्षीचा वापर वाढला की ठेवही वाढते. वापर भाडेकरूचा, ठेव मालकाची. ठेवीवर व्याज मिळतं, पण पैसा अडकतो हे खरं, आणि ‘हे बिल कोणाचं?’ यावरून पहिला वाद इथेच होतो. करारात एक ओळ घातली तर तो टळतो.

थकबाकीचं प्रकरण याहून गंभीर. भाडेकरू तीन महिन्यांचं बिल थकवून निघून गेला, तर कंपनी त्याला शोधत पुढच्या गावी जात नाही. त्या जागेचा पुरवठा तोडते. जुनं घर विकत घेणाऱ्यालाही हे लागू आहे. आधीच्या मालकाच्या थकीत वीजबिलाची वसुली नव्या मालकाकडून करता येते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ या प्रकरणात मे २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की विनियमांत तशी तरतूद असेल तर कंपनी नव्या जोडणीसाठी जुनी थकबाकी भरण्याची अट घालू शकते. म्हणून खरेदीखताच्या आधी ग्राहक क्रमांक घेऊन थकबाकी स्वतः ऑनलाइन पाहावी. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि भाडेकरूने भाडं थकवलं म्हणून मालकाने त्याचं पाणी किंवा वीज तोडावी, असा सल्ला सोसायटीच्या कट्ट्यावर हमखास मिळतो. तो ऐकू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २९ ने मालकाला अत्यावश्यक पुरवठा तोडायला मनाई केली आहे. म्हणजे भाडं बुडत असतानाही मीटर चालू राहणार आणि बिल मालकाच्या नावावर चढत राहणार. डिपॉझिट किती घ्यायचं ते ठरवताना हा हिशेब मनात हवा: एक महिन्याचं थकलेलं भाडं, दोन महिन्यांची बिलं आणि रंगकाम एवढं त्यातून निघालं पाहिजे.

विजेचा खरा अंदाज चुकतो तो ‘बिलासकट’ भाड्यात. हिंजवडी, वाकड, विमाननगर भागांत कॉट बेसिसवर मुलं ठेवणारे किंवा सर्व्हिस अपार्टमेंट चालवणारे मालक एकच रक्कम ठरवून घेतात. आता उपकरणं मोजू. फ्रिजला दिवसाला साधारण एक युनिट, महिन्याला ३०. दोन किलोवॅटचा गीझर चौघांसाठी सव्वा तास चालला तर रोज अडीच युनिट, महिन्याला ७५. दीड टनाचा एसी तासाला एक युनिटच्या आसपास घेतो असं धरलं, तर दोन एसी रात्रीचे आठ तास चालून रोज १६ युनिट, म्हणजे महिन्याला ४८० होतात. पंखे, दिवे, वॉशिंग मशिन, लॅपटॉप वेगळे. जे घर जानेवारीत २०० युनिटच्या आत राहतं, तेच मेमध्ये ६०० ओलांडतं. शिवाय महाराष्ट्रात घरगुती वीजदर टप्प्यांचा आहे: १०० पर्यंत एक दर, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. पहिल्या टप्प्याहून दुसऱ्याचा दर खूपच चढा आहे. युनिट तिप्पट झाले की बिल तिपटीहून बरंच पुढे जातं. जानेवारीचं बिल पाहून बाराने गुणणाऱ्याची वर्षभराची शिल्लक दोन उन्हाळी महिन्यांत जाते.

मुंबईत तर कोणत्या भागात घर आहे यावर वीज कंपनी बदलते. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. एकाच शहरात दोन घरांचे दर वेगळे असू शकतात, त्यामुळे दादरच्या मावशीच्या बिलावरून मुलुंडच्या फ्लॅटचा अंदाज बांधता येत नाही.

पण पुण्यात गेल्या दहा वर्षांत भाड्याचं गणित ज्याने सर्वांत जास्त बिघडवलं, ते पाणी.

ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं आणि जून २०२१ मध्ये आणखी २३ गावं पुणे महापालिकेत आली. इमारती गावांच्या हद्दीत आधीच उभ्या राहिल्या होत्या. जलवाहिन्या मागून येत आहेत. अनेक प्रकल्पांत महापालिकेचं पाणी येईपर्यंत पुरवठा बिल्डरने करायचा, असं हमीपत्र असतं. ताबा मिळाल्यावर पहिली दोन वर्षं बिल्डरने आगाऊ घेतलेल्या मेंटेनन्समधून सगळं चालतं, म्हणून टँकरचा खर्च कोणाला दिसत नाही. सोसायटी नोंदवली जाते, कारभार रहिवाशांच्या हाती येतो आणि पहिल्या सर्वसाधारण सभेत खजिनदार आकडा वाचून दाखवतो. सभागृह एकदम शांत होतं.

हा आकडा आधीच काढता येतो. नॅशनल बिल्डिंग कोडचं शहरी घरासाठीचं प्रचलित माप माणशी रोज १३५ लिटर. चौघांच्या घराला ५४० लिटर. १०० घरांच्या सोसायटीला रोज ५४ हजार लिटर. महापालिकेच्या नळातून निम्मंच पाणी आलं, तर २७ हजार लिटर बाहेरून आणायचे. १० हजार लिटरच्या टँकरने रोज पावणेतीनच्या आसपास खेपा. टँकर हजार रुपयांचा धरला, तर दिवसाला २,७०० आणि महिन्याला ८१ हजार रुपये, म्हणजे घरटी ८१० रुपये. एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणी आणखी आटतं आणि टँकरचा भावही चढतो. बोअरवेल आटली, की फ्लश आणि बागेचं पाणीही टँकरचंच. त्यावर सांडपाणी प्रकल्पाची वीज, रसायनं आणि तो चालवणाऱ्या कंत्राटदाराचा पगार. घर पाहायला लोक दिवाळीनंतर जातात. टाक्या भरलेल्या असतात, नळ सोडला की धार येते. हे घर एकदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी सात वाजता पाहावं. गेटबाहेर टँकर उभे असतील तर वॉचमनला रोजच्या खेपा विचाराव्यात. तो खरं सांगतो.

मेंटेनन्सच्या बाबतीत लोक एकच प्रश्न विचारतात, ‘महिन्याला किती?’ कमी आकडा ऐकला की समाधान वाटतं. या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं म्हणणं इथे आहे: जुन्या इमारतीचं फार कमी मेंटेनन्स ही काळजीची गोष्ट आहे.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सोसायटीच्या बिलात सेवाशुल्क सर्वांना सारखं, पाणी नळांच्या संख्येवर आणि आकारावर, मिळकतकर प्रत्यक्ष असेल तेवढा आणि लिफ्टचा खर्च तळमजल्यासकट सर्वांना सारखा. याशिवाय दोन निधी. दुरुस्ती व देखभाल निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का, दोन्हींत जमिनीची किंमत वगळून. नमुन्याच्या घराचं बांधकाम क्षेत्र ९०० चौरस फूट आणि खर्च चौरस फुटाला अडीच हजार धरला, तर बांधकाम खर्च साडेबावीस लाख. त्याचा एक टक्का २२,५००. महिन्याला १,८७५ रुपये फक्त या दोन निधींचे. आता हातातल्या सोसायटीच्या बिलावर या दोन ओळी शोधाव्यात. पुष्कळ ठिकाणी तिथे शंभर-दोनशे रुपये दिसतात, काही ठिकाणी ओळच नसते. सभेत मेंटेनन्स वाढवायचा विषय आला की विरोध होतो, समिती माघार घेते आणि वर्षं जातात.

मग इमारत पंधरा वर्षांची होते. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करायचं असतं. अहवालात बीमच्या भेगा, गच्चीची गळती, गंजलेल्या सळया येतात. लिफ्ट बदलायची वेळही साधारण त्याच सुमाराला येते. निधीत पैसे नसतात, म्हणून घरटी लाख-दीड लाखाची वर्गणी लागते आणि ती त्या वेळी जो मालक असेल त्याच्यावर पडते. ज्यांनी पंधरा वर्षं कमी मेंटेनन्सचा लाभ घेतला ते कधीच विकून गेलेले असू शकतात. भाडेकरू ही वर्गणी देत नाही, त्याने द्यावी अशी अपेक्षाही चूक आहे. विकत घेण्याआधी सोसायटीचा लेखापरीक्षण अहवाल मागावा आणि दोन निधींत मिळून घरटी किती रक्कम जमा आहे ते पाहावं.

आणखी एक फरक पाहण्यासारखा. बरेच जण सगळ्यांनाच ‘सोसायटी’ म्हणतात, पण काही इमारती १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली असतात. तिथे खर्च सारखा वाटला जात नाही. अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो. पुण्यातल्या अशाच एका संकुलाच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हेच मान्य केलं: मोठ्या घराला मोठी वर्गणी. थ्री बीएचके घेणाऱ्याला हा फरक दरमहा हजारोंचा पडू शकतो. आणि मेंटेनन्स महिन्याला साडेसात हजारांच्या पुढे गेलं, संस्थेची वार्षिक उलाढालही वीस लाखांच्या वर असली, की १८ टक्के जीएसटीचा प्रश्न येतो. क्लब हाऊस आणि पोहण्याचा तलाव असलेल्या मोठ्या संकुलांनी हा मुद्दा विसरू नये.

घर भाड्याने दिलं, की सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते, बोलीत ‘एनओसी चार्जेस’. पूर्वी या नावाखाली मनाला येईल ती रक्कम घेतली जायची. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर बांधलं, आणि माँट ब्लांक सोसायटीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये हा आदेश उचलून धरला. दहा टक्के मोजायचे ते एकूण बिलाचे नव्हेत, सेवाशुल्काचे. आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी राहत असतील तर हे शुल्क लागतच नाही. कोणी भाड्याच्या १० टक्के मागत असेल तर त्याला हा आदेश दाखवावा; शांतपणे, लेखी पत्राने.

मिळकतकरात पुणेकरांची एक खास अडचण आहे. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका १९७० पासून करयोग्य मूल्यात ४० टक्के सवलत देत आली. मध्यंतरी ती काढली गेली आणि मोठ्या ओरडीनंतर २०२३ मध्ये राज्य सरकारने ती परत सुरू केली. ही सवलत राहत्या घराला, भाड्याच्या घराला नाही. आधीच्या मालकाच्या नावावर आलेलं बिल बहुधा सवलतीचं असतं. एजंट तेच दाखवतो आणि कुटुंब तोच आकडा वहीत लिहितं. घर भाड्याने दिल्यावर येणारा कर त्याहून मोठा असतो. ‘पीटी-३’ अर्ज भरून स्वतः राहत असल्याचं दाखवायचं आणि घर भाड्याने द्यायचं, हा मार्ग काही लोक धरतात. भाडेकरार मात्र नोंदणीकृत असतो, म्हणजे सरकारदरबारी पुरावा आपणच ठेवलेला असतो. कर थकला तर शास्ती दरमहा २ टक्के, वर्षाला २४. मुंबईत नेमकी उलटी मदत आहे. १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ झाला आणि लहान घर भाड्याने देणाऱ्यांचं गणित थोडं सुधारलं.

कराराचा खर्च तुलनेने लहान. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी ११ महिन्यांच्या करारालाही सक्तीची आहे, आणि ती करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक. पंचवीस हजार भाडं, ७५ हजार डिपॉझिट आणि ११ महिने धरले तर साधारण सातशे रुपये. शहरात नोंदणी फी हजार. हे पैसे वाचवायला कोणी नोटरीवर भागवत असेल तर त्याने थांबावं. मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा आणि दुप्पट दराने भरपाई मागण्याचा जो जलद मार्ग आहे, त्याचा पाया हा नोंदलेला करार आहे.

दलालीला एक महिन्याचं भाडं जातं. रिकाम्या महिन्याचा विचार मात्र फार थोडे लोक करतात. भाडेकरू महिनाअखेरीला सोडतो, आठवडा रंगकामाला, दोन दिवस प्लंबरला, मग घर दाखवणं, मग नवा माणूस पुढच्या एक तारखेपासून. वर्षातला एक महिना गेला म्हणजे उत्पन्नाचे आठ टक्क्यांहून जास्त गेले, आणि त्या महिन्यात मेंटेनन्स, स्थिर आकार, गॅसचं किमान बिल सगळं मालकाच्या खिशातून. म्हणूनच दोन हजार जास्त देणाऱ्या नव्या माणसापेक्षा घर नीट ठेवणारा जुना भाडेकरू पुष्कळदा फायद्याचा ठरतो.

आता नमुन्याच्या घराची वजाबाकी पुरी करू. वर्षाचं भाडं ३ लाख. एक महिना रिकामा, उरले २ लाख ७५ हजार. दर दोन वर्षांनी दलाली, म्हणून वर्षाला साडेबारा हजार. मेंटेनन्स साडेतीन हजार प्रमाणे ४२ हजार, कारण पुण्यात बहुतेक ठिकाणी ते भाड्यातच धरलेलं असतं. बिनभोगवटा शुल्क ३ हजार. सवलत गेलेला मिळकतकर १८ हजार. रंग, नळ, गीझर, मोटार, बदललेला कमोडचा टँक यांना सरासरी २० हजार. करार, सफाई आणि रिकाम्या महिन्याची बिलं साडेतीन हजार. एकूण खर्च ९९ हजार. उरले १ लाख ७६ हजार.

साडेअठ्ठ्याऐंशी लाखांवर १ लाख ७६ हजार, म्हणजे दोन टक्क्यांना जेमतेम टेकलेला परतावा. हातात महिन्याला साडेचौदा हजारांच्या आसपास.

प्राप्तिकर अजून यायचा आहे. घरभाड्याच्या उत्पन्नातून प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. मेंटेनन्स, दलाली, रंग, टँकर सगळं या ३० टक्क्यांत आलं असं कायदा मानतो. आपल्या हिशेबात २ लाख ७५ हजारांतून १८ हजार गेले, उरलेल्याच्या ७० टक्के म्हणजे १ लाख ७९ हजार ९०० करपात्र झाले. ही रक्कम प्रत्यक्ष हाती आलेल्या १ लाख ७६ हजारांपेक्षाही जास्त आहे. वरच्या टप्प्यातल्या माणसाला उपकरासह ३१.२ टक्क्यांनी ५६ हजार भरावे लागतील आणि वर्षाचे १ लाख २० हजार उरतील. परतावा सव्वा ते दीड टक्का.

कर्ज काढून घेतलेल्या घराचं चित्र वेगळं. ५० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के म्हणजे हप्ता ४३ हजार ४०० च्या जवळ. घरातून निव्वळ येतात साडेचौदा. उरलेले २९ हजार दरमहा पगारातून. भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचं व्याज वजा करता येतं, पण त्यातून होणारा तोटा जुन्या करपद्धतीत वर्षाला दोन लाखांपर्यंतच इतर उत्पन्नातून वळता होतो, आणि नव्या पद्धतीत पगारातून वळताच करता येत नाही. ‘हप्ता भाड्यातून फिटेल’ हे वाक्य म्हणूनच कागदावर तपासल्याशिवाय मान्य करू नये.

यावर ‘घराची किंमत वाढते त्याचं काय?’ असं कोणी विचारेल. वाढते, काही भागांत चांगली वाढते. पण ती मिळते विकल्यावर. टँकरचे आठशे दहा रुपये दर महिन्याला लागतात, आणि ते भविष्यातल्या किमतीतून देता येत नाहीत. निवृत्त माणसाला औषधांना, किराण्याला दरमहा पैसा हवा असतो. त्याने ही दोन गणितं एकमेकांत मिसळू नयेत.

भाडं खर्चाला पुरलं नाही, तर इमारतीचं काय होतं हे मुंबईने सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भोगलं आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. युद्ध आणि फाळणीनंतरच्या गर्दीत भाडेकरूला छप्पर देण्यासाठी ते गरजेचं होतं. पण भाडं तिथेच थांबलं, आणि चुना, लाकूड, गवंडी, प्लंबर यांचे दर पुढे गेले. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत दुरुस्ती परवडेना, मालकांनी हात काढून घेतला, जिने आणि सज्जे कोसळू लागले. शेवटी सरकारला १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ स्थापावं लागलं आणि दुरुस्तीसाठी उपकर बसवावा लागला. त्या वेळी अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचं म्हटलं. नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्या चाळींत भाडेकरूचा दोष नव्हता आणि प्रत्येक मालक लोभी होता असंही नाही. खर्चाचा हिशेब भाड्यात बसत नव्हता, आणि त्याची किंमत जिन्याखाली सापडलेल्या माणसांनी मोजली.

दूर राहून घर भाड्याने देणाऱ्यांचं वेगळं आहे. न्यू जर्सी किंवा सिडनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाचा बाणेरचा फ्लॅट असेल, तर भाडं कितीही असो, भाडेकरूने उपकरासह ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो. विवरणपत्र भरून परतावा मिळू शकतो, पण तोपर्यंत हातात येणारी रक्कम एक तृतीयांशाने कमी, आणि ही कटकट नको म्हणून काही भाडेकरू असं घर टाळतात. देखरेखीला नेमलेला माणूस वेगळे पैसे घेतो. गोव्यात दुसरं घर घेऊन पर्यटकांना देणाऱ्यांना वीज, वायफाय, चादरींची धुलाई, सफाई सगळं स्वतःच भरावं लागतं. पाहुणा एसी चालू ठेवून समुद्रावर जातो आणि बिल मालकाला येतं. खाऱ्या हवेने एसीची बाहेरची युनिटं गंजतात, पावसाळ्यात बंद घराला बुरशी धरते आणि १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणीही करावी लागते.

या सगळ्याचा अर्थ भाड्याचं घर घेऊच नये असा नाही. आठ-दहा वर्षांची, महापालिकेचं पाणी पुरेसं असलेली, गच्चीवर सौर संच बसवून लिफ्ट आणि पंपांचं बिल कमी केलेली, दोन्ही निधी नियमाने भरणारी सोसायटी. त्यातला कॉलेज किंवा मेट्रो स्थानकाजवळचा लहान वन बीएचके. कर्ज नाही किंवा थोडं. असं घर आजही बरं उत्पन्न देतं. वरच्या हिशेबातला एकेक आकडा अशा घरात खाली येतो. फक्त तो खाली आल्याचं बिलांवर दिसलं पाहिजे, एजंटच्या बोलण्यातून कळून चालत नाही.

तेव्हा या दिवाळीत कोणी दुसऱ्या घराचं टोकन देणार असेल, तर चेक लिहिण्याआधी विकणाऱ्याकडून पाच कागद मागून घ्यावेत: मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं, बारा महिन्यांची मेंटेनन्सची बिलं, सवलत आहे की नाही ते दाखवणारं मिळकतकराचं बिल, सोसायटीचा शेवटचा लेखापरीक्षण अहवाल आणि मागच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त. टँकर, लिफ्ट, गळती, थकबाकीदार, वाढीव वर्गणी हे सगळं त्या इतिवृत्तात सापडतं. पाचही कागद प्रत्येक सोसायटीच्या कपाटात असतात. विकणारा ते द्यायला तयार नसेल, तर चेक परत खिशात ठेवावा.